इटलीच्या फुटबॉल-अजिंक्यपदाचा कोरा रकाना (इ. स. १९२६-२७)

इटलींतील फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीच्या विजेत्यांची जी अधिकृत यादी आहे, तींत १९२६-२७ या वर्षापुढें कोणत्याहि संघाचें नांव नाहीं. महायुद्धामुळें जीं वर्षें स्पर्धेवांचून गेलीं त्यांचे रकाने कोरे असावे यांत नवल नाहीं. परंतु या वर्षीं सामने झाले, गुण मोजले गेले, विजेता ठरला, त्याचा जयघोषहि झाला. आणि चार महिन्यांच्या आंत त्याचें नांव खोडण्यांत आलें. खोडलेल्या नांवाच्या जागीं दुसरें नांव मात्र लिहिलें गेलें नाहीं. परदेशच्या खेळाचा हा विषय संशोधकांच्या त्रैमासिकांत कां यावा, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर एवढेंच कीं, या प्रकरणाच्या केंद्रस्थानीं एक फाडलेली चिठ्ठी आहे. ती केराच्या टोपलींतून काढून जुळविली गेली, आणि तिच्या बळावर एका संपूर्ण वर्षाचा इतिहास बदलला. फाटके कागद जुळवून त्यांवरून राज्यांचीं व घराण्यांचीं भांडणें सोडविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हा विषय परका वाटूं नये.

प्रथम त्या काळची व्यवस्था सांगितली पाहिजे. आज 'सेरिए आ' या नांवानें जी स्पर्धा ओळखली जाते, तिचें एकगटी स्वरूप १९२९-३० पासूनचें आहे. तत्पूर्वीं प्रांतवार गट पाडून, शेवटीं उत्तरेच्या व दक्षिणेच्या विजेत्यांची गांठ घालून अजिंक्यपद ठरविण्याची रीत होती. १९२६ सालीं पंचांनीं असहकार पुकारल्यामुळें फुटबॉल-महासंघाचा कारभार अडला व जुने पदाधिकारी गेले. तेव्हां इटलीच्या ऑलिंपिक समितीनें, जी या वेळेपावेतों फॅसिस्ट सत्तेच्या मुठींत आलेली होती, फोस्की, ग्रात्सिआनी व माउरो या तिघांकडे नवी घटना लिहिण्याचें काम सोंपविलें. ता. २ ऑगस्ट १९२६ रोजीं निघालेली ही घटना व्हियारेज्जो या समुद्रकांठच्या गांवावरून 'व्हियारेज्जोची सनद' म्हणून प्रसिद्ध आहे. तिनें खेळाडूंचे हौशी व अ-हौशी असे दोन वर्ग मानले. म्हणजे मोबदला घेणाऱ्या खेळाडूस आडपडद्यानें कां होईना, मान्यता दिली. परदेशी खेळाडूंस तिनें दार लावलें. त्या एका वर्षापुरती मात्र थोडी फट ठेविली. उत्तर व दक्षिण एकाच श्रेणींत आणलीं. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, महासंघाचे अधिकारी यापुढें निवडून येईनात, वरून नेमले जाऊं लागले. अध्यक्ष म्हणून लेआंद्रो आर्पिनाती याची नेमणूक झाली. हा बोलोन्या शहरचा फॅसिस्ट पुढारी. त्याच वर्षअखेर तो त्या शहराचा नगराधिपति झाला, आणि महासंघाची कचेरीहि त्याच्यामागोमाग बोलोन्यास गेली.

नव्या श्रेणीचें नांव 'दिव्हिजिओने नात्सिओनाले' म्हणजे राष्ट्रीय विभाग. तींत वीस संघ होते. दहा-दहांचे दोन गट, आणि प्रत्येक गटांतील पहिले तीन संघ अंतिम फेरींत, अशी रचना होती. दक्षिणेकडून आलेल्या नापोलीची पहिल्याच वर्षीं दैना झाली. अठरा सामन्यांत त्यास अवघा एक गुण मिळाला. तो एक गुण पुढें त्या शहरांत थट्टेचा विषय झाला. पण तें असो. अंतिम फेरींत तोरिनो, युव्हेंटस, बोलोन्या, जेनोआ, इंटर व मिलान हे सहा संघ पोंचले. यांपैकीं पहिले दोन एकाच तुरीन शहरचे. युव्हेंटसच्या मागें फियाट कारखान्याच्या संस्थापकाचा पुत्र एदोआर्दो आन्येल्ली. तोरिनोच्या मागें मद्याच्या व्यापारांतील सरदार घराण्याचा काउंट मारोने चिन्झानो. या काउंटनें आपल्या संघासाठीं बांधलेलें फिलादेल्फिया मैदान ऑक्टोबर १९२६ मध्यें उघडलें होतें. युव्हेंटस हा आदल्या वर्षाचा विजेता होता. नवें मैदान, नवा पैसा, आणि शेजाऱ्याच्या अंगरख्यावर चमकणारी ती छोटी तिरंगी ढाल, जिला इटालियन लोक 'स्कुदेत्तो' म्हणतात. एवढें सांगितलें म्हणजे तोरिनोच्या मंडळींची मनःस्थिति वाचकांच्या ध्यानांत येईल.

ता. ५ जून १९२७, रविवार, शके १८४९. या दिवशीं या दोन शेजाऱ्यांची अंतिम फेरींतील गांठ पडली आणि तोरिनोनें ती २-१ अशी जिंकली. पुढें अंतिम फेरीचें अग्रस्थान त्यांच्याकडेच राहिलें, बोलोन्या दुसरा आला, व तोरिनोचें पहिलें अजिंक्यपद म्हणून शहरभर आनंद झाला. येथपर्यंतची हकीकत निर्विवाद आहे.

यापुढची हकीकत मात्र दोन प्रकारच्या साधनांतून येते, आणि तीं वेगळीं ठेवणें हें आमचें पहिलें कर्तव्य आहे. महासंघाचा निकाल हें निवाडपत्र. त्याखेरीज वृत्तपत्रांनीं छापलेलें आणि पुढें वर्षानुवर्षें पुस्तकांतून फिरत राहिलेलें जें कथन आहे, त्यास मी बखर म्हणेन. बखर म्हणजे खोटें असें नव्हे. पण बखरकाराला गोष्ट पुरी करण्याची घाई असते, आणि निवाडपत्राला ती नसते.

बखर अशी. युव्हेंटसचा डावा फुलबॅक लुइजी अल्लेमांदी हा तुरीन येथें एका खानावळवजा बिऱ्हाडांत राहत असे. त्याच बिऱ्हाडांत गौदिओसो नांवाचा एक विद्यार्थी होता. तोरिनोचा एक कारभारी, डॉ. नानी, यानें या विद्यार्थ्याच्या मध्यस्थीनें अल्लेमांदीशीं सौदा केला: ५०,००० लिरा द्यावयाचे, निम्मे आधीं, निम्मे तोरिनोनें सामना जिंकल्यावर, आणि अल्लेमांदीनें त्या दिवशीं हात राखून खेळावें. सामना तोरिनोनें जिंकला खरा, पण अल्लेमांदी हात राखून खेळला नाहीं. उलट मैदानावरील उत्तम खेळाडूंत त्याची गणना झाली. म्हणून नानीनें उरलेले २५,००० लिरा देण्याचें नाकारलें. त्यावरून अल्लेमांदी व गौदिओसो यांच्यांत जी बाचाबाची झाली, ती शेजारच्या खोलींत राहणाऱ्या फेर्मिनेल्ली नामक वृत्तपत्रकारानें भिंतीपलीकडून ऐकली.

या रकमेची किंमत काय होती, हें आपल्याकडील मानानें पाहणें उपयुक्त आहे. डिसेंबर १९२७ मध्यें इटलीनें एका पौंडास ९२.४६ लिरा असा सुवर्णदर ठरविला. आणि त्याच वर्षीं आपल्याकडे रुपया एक शिलिंग सहा पेन्सांस बांधला गेला. या दोन दरांनीं हिशेब केल्यास ५०,००० लिरांचे सुमारें ५४१ पौंड, म्हणजे सुमारें ७,२०० रुपये होतात. त्या काळीं महिना पन्नास रुपये पगाराच्या शिक्षकाची ही बारा वर्षांची कमाई. एका दुपारच्या आळसाबद्दल एवढी रक्कम कोणी देऊं करतो, यावरून तोरिनोच्या मंडळींस त्या सामन्याची काय किंमत वाटत होती तें दिसतें.

फेर्मिनेल्लीनें ऐकलेली गोष्ट रोमच्या 'टिफोने' या पत्रांत आली. प्रथम नांवें न घेतां, शेक्सपियरच्या डेन्मार्कमधील कुजकेपणाची आठवण करून देणाऱ्या मथळ्याखालीं तो लेख होता. महासंघानें चौकशी सुरू केली. चिटणीस झानेत्ती यानें तीत पुढाकार घेतला. याच चौकशींत ती प्रसिद्ध चिठ्ठी निघाली. बिऱ्हाडांतील केरांत सांपडलेले कागदाचे कपटे जुळवून पाहतां, अल्लेमांदीनें राहिलेल्या पैशाची मागणी केल्याचें पत्र वाचतां आलें, असें सांगितलें जातें. ता. ३ नोव्हेंबर १९२७ रोजीं महासंघानें तोरिनोचें अजिंक्यपद काढून घेतलें. ता. २१ नोव्हेंबरला अल्लेमांदीस जन्मभर खेळण्याची मनाई झाली. तो त्यापूर्वींच युव्हेंटस सोडून इंटर संघांत गेला होता.

आतां प्रमाणांचा विचार करूं. येथें तीन प्रश्न आहेत आणि ते एकांत एक मिसळल्यामुळेंच पुढचा सारा घोळ झाला आहे. पैसे दिले गेले काय? खेळाडूनें सामना विकला काय? आणि मग अजिंक्य कोण?

पहिल्या प्रश्नास चिठ्ठी उत्तर देते, आणि चांगलें उत्तर देते. जो मनुष्य उरलेली रक्कम मागतो, तो पहिली रक्कम मिळाल्याचें अभावितपणें कबूल करतो. शिवाय फाडून टाकलेल्या कागदाचें एक वैशिष्ट्य असतें. पुढच्या पिढीनें वाचावा म्हणून तो लिहिलेला नसतो. उलट कोणीं वाचूं नये म्हणूनच तो फाडलेला असतो. वि. का. राजवाडे यांनीं बखरींपेक्षां अस्सल पत्रांस अधिक मान दिला त्याचें मर्म हेंच. लिहिणाराचा हेतु व्यवहाराचा होता, कीर्तीचा नव्हता. भिंतीपलीकडून ऐकलेलें संभाषण हें त्याहून पुष्कळ दुबळें प्रमाण. पण तें स्वतंत्र मार्गानें आलें आणि चिठ्ठीशीं जुळलें, एवढें त्याचें मोल मान्य केलें पाहिजे. पैसे देऊं करणें हाच संघाच्या बाजूचा अपराध असल्यामुळें, पद काढून घेण्याचा निकाल या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा राहूं शकतो. सामन्यांत पुढें काय घडलें, याची त्यास गरज नाहीं.

दुसरा प्रश्न मात्र निराळा आहे. चिठ्ठीवरून अल्लेमांदीनें पैसे घेतले हें कळतें. तो वाईट खेळला हें कळत नाहीं. उलट सारे कथनकार तो चांगला खेळला असेंच म्हणतात, आणि नानीनें दुसरा हप्ता अडविला तो याच कारणासाठीं. म्हणजे लांच देणाराच येथें लांच घेणाराच्या बाजूचा साक्षीदार होतो! या विसंगतींतून वाट काढण्यासाठीं पुढील लेखकांनीं जी युक्ति योजिली ती मोठी मौजेची आहे. मीमांसकांची अर्थापत्ति वाचकांस ठाऊक आहेच: लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाहीं, तेव्हां तो रात्रीं जेवत असला पाहिजे. त्याच धर्तीवर हे लेखक म्हणतात कीं, पैसे दिले गेले, तोरिनो जिंकला, अल्लेमांदी तर चांगला खेळला. तेव्हां युव्हेंटसचा दुसराच कोणी खेळाडू विकला गेला असला पाहिजे. मग त्या दुसऱ्याचें नांव सुचविण्याची चढाओढ सुरू होते.

अर्थापत्ति प्रमाण होते ती केव्हां? दुसऱ्या कोणत्याहि कल्पनेनें विसंगति सुटत नसेल तेव्हां. येथें ती दोन-तीन साध्या कल्पनांनीं सुटते. अल्लेमांदीनें पैसे घेऊन देणारालाच फसविलें असेल. मैदानांत उतरल्यावर त्याचें मन पालटलें असेल. आणि सर्वांत साधी गोष्ट ही कीं, त्या दिवशीं तोरिनो खरोखरच सरस खेळला असेल. बालोनचेरी, लिबोनात्ती व रोस्सेत्ती हे तीन आघाडीचे खेळाडू ज्या संघांत होते त्यास युव्हेंटसवर एका गोलानें मात करण्यास लांचाची गरज होतीच, असें म्हणतां येत नाहीं. त्याच संघानें पुढच्या वर्षीं, १९२७-२८ मध्यें, अजिंक्यपद मिळविलें व तें टिकलें. देवदत्त रात्रीं जेवतो हें ठरविण्यापूर्वीं तो सकाळीं लपून फराळ करतो कीं काय, हें पाहावें लागतें. म्हणून ज्यांच्याविरुद्ध कागदाचा कपटाहि नाहीं, अशा खेळाडूंचीं नांवें मी येथें घेत नाहीं. कुजबुजीवरून नांव लावण्याची संवय आपल्याकडील बखरींनीं कितीएक सरदारांस भोंवली आहे.

एका गोष्टीचा विचार न्यायाधीशाविषयीं करणें प्राप्त आहे. निकाल देणारा आर्पिनाती हा बोलोन्याचा सर्वाधिकारी. त्या शहरांत त्यानें प्रचंड 'लित्तोरिआले' मैदान उभारलें, तेथें ता. २९ मे १९२७ रोजीं, म्हणजे वादग्रस्त सामन्याच्या बरोबर एक आठवडा आधीं, इटली व स्पेन यांचा सामना झाला होता. आणि तोरिनोच्या पाठोपाठ दुसरा आलेला संघ बोलोन्याचाच! नेमलेला अधिकारी, त्यावर दाद मागण्यास निवडून आलेली सभा नाहीं, आणि प्रतिस्पर्ध्याचें पद जातां आपल्या गांवास लाभ होण्याचा संभव: न्यायनिवाड्यास याहून वाईट परिस्थिति क्वचितच असेल. तरीहि त्यानें तें पद बोलोन्यास दिलें नाहीं. कोणी यास त्याची निस्पृहता म्हणतात, कोणी लोकापवादाची भीति. त्याच्या मनांत काय होतें हें त्याच्या कृतीवरून निश्चित होत नाहीं. पण माझ्या मतें हेतु कोणताहि असो, कृति बरोबर होती, आणि तिचें कारण पाठचिकित्सेंत सांपडतें.

पोथी नकलतांना प्राचीन लेखकास एखादीं अक्षरें किड्यानें खाल्लेलीं आढळलीं, तर चांगला लेखक तेवढी जागा रेघा ओढून मोकळी सोडतो. वाईट लेखक तेथें छंदांत बसेल असा शब्द घालतो, आणि पुढच्या दहा नकलांत तो शब्द मूळचाच होऊन बसतो. एकदां खाडा भरला कीं तो खाडा होता हें ज्ञानच नाहींसें होतें. अजिंक्यपदाचेंहि तसेंच आहे. तोरिनोचा विजय दूषित ठरला म्हणून बोलोन्याचा विजय सिद्ध होत नाहीं. दुसरा क्रमांक हा पहिल्याच्या तुलनेंत ठरलेला असतो. पहिला काढून टाकल्यावर उरलेल्या पांच संघांचे आपसांतले आणि त्याच्याशीं झालेले सामने पुन्हां खेळले गेले असते तर काय झालें असतें, हें कोणतीहि गुणतालिका सांगत नाहीं.

याची उलट परीक्षा त्याच देशांत आठ दशकांनीं झाली. पंचांच्या नेमणुकींविषयींच्या गैरव्यवहारामुळें २००६ सालीं युव्हेंटसचीं दोन अजिंक्यपदें काढून घेण्यांत आलीं. २००४-०५ चा रकाना कोरा ठेविला. परंतु २००५-०६ चें पद, गुणांनीं तिसऱ्या आलेल्या इंटरला देण्यांत आलें. पहिल्या कोऱ्या रकान्याबद्दल फारसें भांडण नाहीं. दुसरा, भरलेला रकाना मात्र कित्येक वर्षें न्यायासनांपुढें व वृत्तपत्रांत गाजत राहिला. आर्पिनाती हा कांहीं आदरास पात्र असा पुरुष नव्हे. त्याच्या फॅसिस्ट टोळ्यांनीं बोलोन्यांत काय केलें तें इतिहासांत नमूद आहे. तथापि या एका कलमांत २००६ च्या न्यायाधीशांपेक्षां त्याची लेखणी अधिक आवरलेली होती, असें म्हणावें लागतें.

अल्लेमांदीचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. कारण त्याच्या उत्तरचरित्राचा उपयोग अनेकजण पुराव्यासारखा करतात. १९२८ मध्येंच त्यास माफी मिळाली. १९२९-३० मध्यें, एकगटी श्रेणीच्या पहिल्याच वर्षीं, आंब्रोजिआना हें नवें नांव धारण केलेल्या इंटर संघातर्फे तो अजिंक्य ठरला. ता. १० जून १९३४ रोजीं रोम येथें मुसोलिनीच्या समक्ष इटलीनें चेकोस्लोव्हाकियाचा २-१ असा पराभव करून विश्वचषक जिंकला, त्या अकरा जणांत जन्मभर मनाई झालेला हा फुलबॅक होता. त्या वेळीं त्यास शिक्षा देणारा आर्पिनाती स्वतःच पदच्युत झालेला होता. त्याच वर्षीं त्यास लिपारी बेटावर स्थानबद्ध करण्यांत आलें, आणि एप्रिल १९४५ मध्यें त्याचा वध झाला. अल्लेमांदी १९७८ पर्यंत जगला. हा दैवाचा फेरा मनोरंजक खरा. परंतु माफी म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. अभयपत्र आणि निवाडपत्र हे दोन भिन्न कागद आहेत. अभयपत्र देणारा अपराध झाल्याचें गृहीत धरतो व त्याचें फळ तेवढें टाळतो. १९२८ च्या माफीनें मनुष्य परत आला. वर्ष परत आलें नाहीं.

आज तोरिनोच्या नांवावर सात अजिंक्यपदें आहेत: १९२७-२८, १९४२-४३, १९४५-४६ ते १९४८-४९ अशीं ओळीनें चार, आणि १९७५-७६. बोलोन्याच्या नांवावरहि सातच. शेवटचें १९६३-६४ चें. म्हणजे त्या कोऱ्या रकान्याच्या दोन्ही बाजूंस दोन तुल्यबळ वारस उभे आहेत, आणि आठवें पद मिळण्याची दोघांसहि तेवढीच एक जुनी वाट आहे. तोरिनोचे कैवारी म्हणतात, सामना प्रामाणिकपणें जिंकला तर पद परत द्या. ते दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्या प्रश्नास लावतात. बोलोन्याचे कैवारी म्हणतात, पहिला अपात्र ठरला तर दुसऱ्यास द्या. ते पहिल्याचें उत्तर तिसऱ्यास लावतात. दोन्ही मागण्यांत तर्काचा एक पाय लंगडा आहे.

या प्रकरणीं नवा पुरावा म्हणून ती चिठ्ठी कोणा संग्राहकानें पुढें आणिली, तर तिजवरचा मजकूर वाचण्यापूर्वीं तिच्या फाटीच्या कडा तपासाव्या. कपटे एकाच कागदाचे आहेत काय, आणि कडा परस्परांत बसतात काय? मधला एखादा कपटा गहाळ असून वाक्य जुळविणारानें तें आपल्या समजुतीनें पुरें केलें आहे काय? रकमेचा आंकडा मूळ शाईंत आहे कीं नंतर घातलेला? तारीख आहे काय, आणि असल्यास ती ५ जूनच्या नंतरची व अल्लेमांदी तुरीन सोडण्यापूर्वींची आहे काय? अक्षर ताडून पाहण्यासाठीं त्याच्या सहीचे दुसरे कागद मिळणें अवघड नाहीं. विश्वचषक जिंकणाऱ्याची सही पुष्कळांनीं जपून ठेविली असणार.